किराण्याची यादी पोरांना करू द्या, पण खरी

केजीपासून चौथीपर्यंतच्या पोरांना आजकाल शाळेतून एक अॅक्टिव्हिटी हमखास येते, माझी किराणा यादी. चार्टपेपर आणा, त्यावर साखर, तांदूळ, साबण, तेलाची पिशवी अशी चित्रं चिकटवा, खाली नावं लिहा, कडेने स्केचपेनची बॉर्डर मारा आणि वर मोठ्या अक्षरात लाइफ स्किल्स. चित्रांचा तक्ता स्टेशनरीवाल्याकडे रेडीमेड मिळतो, कापायचं काम रात्री दहाला आई करते, अक्षर चांगलं यावं म्हणून लिहिते पण तीच, आणि ज्याची यादी तो कधीचाच झोपलेला असतो. सकाळी चार्ट शाळेत जातो, फोटो ग्रुपवर पडतो, सगळे अंगठे दाखवतात. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात त्या घरात खरी यादी पण झालेली असते, आईने पोळ्या लाटता लाटता फोनवरून दुकानदाराला सांगितलेली नाहीतर व्हॉट्सअॅपवर टाकलेली, आणि तिच्या आसपास पोरगं फिरकलेलं पण नसतं.

माझं म्हणणं असं आहे की ही जी दुसरी यादी आहे ना, जिच्यावर महिनाभर घर चालतं, ती पाच-सहा वर्षांपासून पोरांच्या हातात द्यायला लागावं, आधी थोडी मग सगळी, आणि शाळेने तो चार्ट मागणं बंद करावं. शाळेला यात काही कामच नाही असं मी म्हणत नाही, उलट मोठं काम आहे, पण ते चार्टचं नाही, त्यावर पुढे येतेच.

आपल्याला यादी म्हटलं की लिहिणं आठवतं, म्हणून आपण पोरगं लिहायला शिकेपर्यंत थांबतो. पण लिहिणं तर सगळ्यात शेवटी येतं आणि तेच त्यातलं सोपं काम. आधी डबे उघडावे लागतात. काय संपलंय, काय तळाला गेलंय, काय आत्ता आहे पण पाहुणे आले तर पुरणार नाही, मग किचन सोडून मोरीत जाऊन साबण आणि निरमा बघावा लागतो, देवघरात कापूर आणि वाती, फ्रीजवरच्या कॅलेंडरमध्ये एकादशी कधी आहे म्हणजे साबुदाणा-भगर लागेल का. चार वर्षांच्या पोरीला अक्षर ओळख नसली तरी डबा हलवून आवाजावरून सांगता येतं की डाळ थोडीच राहिली, आणि ती सांगते पण, "माय, साखर सरनी!" म्हणजे साखर संपली, असं घरभर ओरडत. ही अर्धी यादी झाली की. उरलेल्या अर्ध्यासाठी तिला कागदावर गोल काढून आत ठिपके देऊ द्या, तिची साखर तशी दिसत असेल तर तशी. वर्षभराने ती साकर असं लिहील, लिहू द्या, लगेच लाल पेन घेऊन ख दुरुस्त करायला बसू नका, दुकानदाराला कळतं.

घरात काय संपत आलंय हे डोक्यात ठेवणं हे मोठ्या माणसांचं फार मोठं न दिसणारं काम आहे आणि बहुतेक घरात ते एकाच बाईच्या डोक्यात असतं. ती माहेरी गेली की दोन दिवसात चहाची पत्ती कुठेय वरून फोन सुरू होता. पोरांना हे काम लहानपणी द्यायचं कारण अभ्यासाच्या आधी हेच आहे असं मला वाटतं.

मग येतं किती. "कितली लयनी?" म्हणजे किती न्यायची, हा प्रश्न दुकानदार विचारतोच, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी घराचा खर्च माहीत असावा लागतो. एक करून बघा. घरात चार माणसं, दोन वेळा चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला १६ चमचे, चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर ८० ग्रॅम, महिन्याला जवळपास अडीच किलो, आणि अजून शिरा-लाडू धरलेलेच नाहीत. तिसरी-चौथीचं पोरगं हे गणित सहज करतं, आणि करून झाल्यावर आजोबांच्या कपाकडे ज्या नजरेने बघतं ते बघण्यासारखं असतं. पाठ्यपुस्तकात हेच उदाहरण असतं तर त्याने उत्तराखाली रेघ मारून पान उलटलं असतं.

खान्देशात तर या बाबतीत पोरांना शिकायला इतकं आहे की पुण्या-मुंबईच्या पोरांना ते मिळायचं नाही, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच घरात वर्षाचं भरतात. उन्हाळ्यात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि गहू घेऊन वाळवून कोठ्या भरल्या जातात, नंदुरबारची मिरची सिझनला घेऊन मसाला कुटला जातो, पापड-कुरडया-बिबडे वर्षाचे होता. म्हणजे आपल्या घराच्या दोन याद्या असतात, एक महिन्याची एक वर्षाची, आणि वर्षाच्या यादीत चूक झाली तर ती एक-दोन दिवसात भरून निघत नाही. माणशी रोज १०० ग्रॅम दादर धरली तर चार माणसांना वर्षाला १४६ किलो लागते, म्हणजे दीड क्विंटल घेतली की थोडी उरते. हा हिशोब आपल्या आज्या शाळेत न जाता करत होत्या, माणसं किती, आल्या-गेल्याचं किती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येणार त्यांचं किती. चौथीच्या पोराला कागद-पेन देऊन आजीसमोर बसवलं तर गुणाकार आणि आजी दोन्ही कळतील.

तसंच कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचं, दळण. ज्वारीत उडीद किती टाकायचे याचं प्रमाण घरोघरी वेगळं, कोणाला उडीद जास्त आवडतो कोणाला कमी, वरून जाडं मीठ. पोरांना वाटीने मोजून टाकू द्या आणि डबा घेऊन गिरणीवर पाठवा, किंवा सोबत न्या. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरली की यादी त्यांना करायला सांगा, वीस माणसं येणार तर वांगी किती किलो, कांद्याची पात किती जुड्या, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, तेल, आणि पुऱ्या करायच्या की कळण्याच्या भाकरी त्यावर पीठ. वांगी भाजायला लागणाऱ्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, शेतात असता, त्या यादीत नको, हे पण त्यांनाच सुचू द्या. काय आणायचं नाही हे कळणं पण यादीतच येतं, बाजारात जाऊन घरात असलेलीच हळद परत आणणारे मोठे लोक आपण रोज बघतो.

आता कोणी म्हणेल की हे सगळं हौसेचं झालं, शाळेत गणित शिकतातच की. शिकतात. प्रथम संस्थेचा असर नावाचा सर्व्हे असतो, २०२३ साली त्यांनी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना रोजच्या कामातली गणितं दिली. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा जवळपास ८५ टक्के पोरांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवून ठेवली तर बरोबर सांगणारे ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना मोजणं आलंच नव्हतं, पट्टीवरचा आकडा वाचणं आलं होतं. आणि ज्यांना वजाबाकी किंवा त्याच्या पुढचं गणित येतं अशांनाच पैशाचे प्रश्न विचारले तेव्हा बजेट सांभाळायचं उदाहरण साधारण ६० टक्क्यांना जमलं, डिस्काउंट काढायला ३७ टक्क्यांना, आणि कर्जाची परतफेड किती होईल हे फक्त १० टक्क्यांच्या आसपास. ही सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत हो, दोन वर्षांनी मोबाईल हप्त्यावर घेणारी.

पण लगेच बाजारच खरी शाळा वगैरे म्हणणाऱ्यांनी पण जरा थांबावं. २०२५ मध्ये नेचर या सायन्सच्या साप्ताहिकात एक अभ्यास आला, नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबतच्या लोकांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणारी चौदाशेच्या वर पोरं त्यांनी तपासली. ही पोरं गिऱ्हाईकासमोर उभ्या उभ्या तोंडी हिशोब करतात, दोन-तीन वस्तूंचे वेगवेगळे वजन वेगवेगळे भाव आणि वरून सुट्टे परत, सगळं बरोबर. पण तेच गणित वहीत मांडून दिलं की बऱ्याच जणांची गाडी अडते. आणि जी पोरं फक्त शाळेत जातात, बाजारात काम करत नाहीत, त्यांना वहीतलं बऱ्यापैकी येतं, पण बाजारातला जो हिशोब काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पोरांनी केला तो शाळेच्या पोरांपैकी जेमतेम एक टक्क्याला जमला. दोन्हीकडचं एकमेकांकडे जात नाही. मला या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट, की नुसतं बाजारात पाठवून वहीतलं येणार नाही आणि नुसतं वहीत करून बाजारातलं येणार नाही, कोणीतरी मधे बसून हे आणि ते एकच आहे हे पोराला दाखवावं लागतं. ते काम आई-बापाला जमेलच असं नाही, ते मास्तरचं काम आहे.

म्हणून शाळेकडे येते. आपल्या झेडपीच्या शाळांना चार्टपेपरवर खोटी यादी करायची गरजच काय आहे, त्यांच्याकडे रोज खरी यादी असते. शालेय पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, हे सरकारने ठरवून दिलेलं माप आहे, सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम. मुख्याध्यापक रोज हजेरी बघून रजिस्टरला लिहितात. मग हे चौथीच्या वर्गाने का लिहू नये? आज ४२ पोरं हजर, तर तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम, तेल २१० ग्रॅम. पोरांनी काट्यावर मोजून घ्यावं, शिजवणाऱ्या मावशींना द्यावं, फळ्यावर मांडावं. बाजाराचं गणित आणि वहीचं गणित एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे, मधे फक्त एक दार पाडायचंय. निपुण भारत नावाचं जे अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं त्याचं टार्गेटच हे आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेस्तोवर प्रत्येक पोराला वाचता आणि आकडेमोड करता यावी, त्यासाठी किती पेट्या, किती तक्ते, किती कार्डं शाळेत येऊन पडली. तांदळाचं पोतं तर आधीपासूनच होतं. आणि याचा एक साइड इफेक्ट असा की रोज चाळीस पोरं वजन बघायला लागली की पोत्यातलं माप पण सरळ राहतं, पण तो वेगळा विषय झाला.

हजेरीचा खोटा आकडा भरता येणार नाही म्हणून कोणाला हे आवडणार नाही, तेही मान्य.

दुसरी गोष्ट बाल आनंद मेळावा. आपल्याकडे शाळांत पोरं भाजीची, भेळीची, पाणीपुरीची दुकानं लावतात, कल्पना एक नंबर आहे. पण होतं काय, वडे रात्रभर जागून आई तळते, भाव बाई ठरवता, गिऱ्हाईक म्हणजे पालकच, आणि दहाच्या वड्याला कौतुकाने पन्नास देऊन सुट्टे राहू दे बेटा म्हणता. मग त्या पोराला कळणार कसं की त्याला नफा झाला का तोटा. त्याच मेळाव्यात एवढंच करा की माल काय आणि किती आणायचा याची यादी पोराने लिहायची, पैसे त्याच्याकडे मोजून द्यायचे, खर्च एका कागदावर लिहायचा, आणि पालकांनी सुट्टे परत घ्यायचे. उरलेले वडे कोणी खायचे हे पण त्यानेच बघावं.

हाताच्या कामातून शिकणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, काहीतरी खऱ्या उत्पादक कामातून पोरांनी भाषा-गणित-विज्ञान सगळं शिकायचं अशी. नंतर ती शाळेच्या टाइमटेबलमध्ये कार्यानुभव नावाचा एक तास होऊन बसली आणि त्या तासाला आम्ही सगळ्यांनी कागदी फुलं केली. फुलांचं घरात काही अडत नव्हतं म्हणून ती कशी का होईना चालत होती. किराणा यादीच्या चार्टचं तसंच झालंय.

बरं, भाषेचं एक राहिलं. आपल्याकडची बरीच पोरं घरी अहिराणी बोलता, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, आणि वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला पावरी, भिली. घरातल्या वस्तूंची नावं त्यांना त्या बोलीत येतात, शाळेत पुस्तकी मराठीत विचारलं की गप्प बसतात आणि मास्तरांना वाटतं याला काही येत नाही. यादी घरच्या बोलीत होऊ द्या, चित्रात होऊ द्या, शाळेत बाईंनी त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहून द्यावा. पहिलीच्या पोराचा पहिला स्वतःचा मजकूर हा त्याच्या घरच्या डब्यांचा असेल तर तो वाचायला कोणाची मदत लागत नाही, कारण त्यात काय लिहिलंय ते त्याला आधीच माहीत असतं.

आता विरोधातले मुद्दे, कारण हे बोललं की चार लोक अंगावर येतात. पहिला, वेळ कुठेय. हा मुद्दा खरा आहे. आई पाच मिनिटात यादी करते, पोराला सोबत घेतलं तर पाऊण तास जातो, डाळ सांडते ती वेगळी. आणि नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईला अजून एक काम सांगणारे लेख ढिगाने आहेत, त्यात माझा एक नको. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की हे काम बापाने करावं. रविवारी सकाळी बाप आणि पोरं किचनमध्ये, डबे उघडा, लिहा, आई बाहेर पेपर वाचेल. बापाला पण कळेल की घरात हिंग नावाची वस्तू असते आणि ती संपते.

दुसरा, पोरगं बाहेर गेलं तर काय, कोणी फसवलं तर. खरं सांगायचं तर आपल्या गावांत गल्लीतला दुकानदार पोराला नावाने नाही, बापाच्या नावाने ओळखतो, अमक्याचा पोऱ्या म्हणून, तो काय फसवणार. पण रस्त्यांचं मान्य आहे, जळगावात हायवे ओलांडून दुकान असेल तर सहा वर्षांच्या लेकराला एकटं पाठवा असं मी कधीच म्हणणार नाही, आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या उन्हात तर कोणालाच नाही. यादी करणं वेगळं आणि एकट्याने जाणं वेगळं. सोबत जा, पण कागद पोराच्या हातात असू द्या आणि दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही मागे उभं राहा आणि तोंड बंद ठेवा, हेच पालकांना सगळ्यात अवघड जातं.

तिसरा, आता सगळं ऑनलाइन आहे, मोबाईलवर क्लिक केलं की घरी. हो, आणि म्हणूनच जास्त गरज आहे. २०१६ ला यूपीआय आलं, त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी बापाला दुकानात पैसे मोजताना बघितलंच नाही, त्यांनी फक्त दुकानातल्या पेमेंटच्या डब्यातून बाई बोलताना ऐकली, इतके रुपये प्राप्त हुए. त्यांच्या लेखी पैसा हा मोबाईलमधून येणारा आवाज आहे, तो संपतो हे त्यांना कुठे दिसणार? म्हणून महिन्यातून एकदा तरी कॅश द्या. पाचशेची नोट, यादी, आणि यात बसव म्हणून सांगा. बसत नसेल तर काय काढायचं हे पोराने ठरवायचं, आणि त्याने शाम्पू काढून चिप्स ठेवले तर ते पण एकदा होऊ द्या.

आणि पाकीट वाचायला शिकवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एमआरपी, वजन, तारीख, आणि आता पाकिटांवर ग्रॅममागे किंवा मिलीमागे किती रुपये पडतात ते पण बारीक अक्षरात छापलेलं असतं, मोठ्या माणसांपैकी किती जण ते बघता? दहा रुपयाचं बिस्कीट दहाचंच राहतं आणि आतलं वजन कमी होत जातं, हे पोरं मोठ्यांच्या आधी पकडतील कारण त्यांचं सगळं लक्ष बिस्किटावर असतं. तेलाच्या डब्याचं तर बऱ्याच मोठ्यांना माहीत नाही, एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं, आणि १५ किलोचा डबा वेगळा येतो. दोन दुकानांचे भाव ऐकून हा स्वस्त तो महाग म्हणायच्या आधी डब्यावर लिटर लिहिलंय की किलो ते बघावं लागतं, फरक जवळपास १ किलो ३५० ग्रॅमचा आहे. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हे पण डोळे झाकून खरं नसतं, शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. भागाकार येतो का नाही हे इथे कळतं.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, की हे सगळे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, गरिबाची पोरं तर सहाव्या वर्षापासून दुकानात जातातच. बरोबर आहे. हातावर पोट असलेल्या घरात महिन्याची यादी नसतेच, रोज संध्याकाळी मजुरी आली की दहाचं तेल, पाचची पत्ती, वीसची डाळ, आणि आणायला पोरगीच जाते. तिला घरात काय संपलं हे कोणी शिकवावं लागत नाही. तिला वीस रुपयात किती डाळ येते आणि ती किती जणांना पुरवायची हे आपल्या पोरांपेक्षा दहापट चांगलं येतं. पण तीच पोरगी वर्गात मागच्या बाकावर कच्ची म्हणून बसलेली असते, कारण शाळा तिला येणारी गोष्ट विचारतच नाही. तिला यादी शिकवू नका, वर्गात तिला यादी शिकवायला उभी करा. आणि हो, घरासाठी सामान आणणं आणि दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसवून ठेवणं यातला फरक आपल्याला कळतो, शाळेचा वेळ खाणारं काम ते काम, मग ते बापाच्या दुकानात का असेना, त्याचं समर्थन यात शोधू नका.

आता पोरांचं, म्हणजे मुलग्यांचं. आपल्याकडे दुकानात मुलालाच पाठवतात, म्हणून लोकांना वाटतं मुलगे तर शिकतातच. पण त्याच्या हातात यादी तयार असते, नाहीतर तोंडाने सांगितलेली असते, पाव किलो पोहे आण, जा पळ. तो नुसता हमाल झाला. डबे उघडून बघणारी, किती लागेल हे ठरवणारी त्याची बहीण असते, तिला मात्र बाहेर पाठवत नाहीत. दोघांना अर्धं अर्धं काम मिळालं आणि दोघं अर्धे राहिले. तो लग्न झाल्यावर बायकोला विचारतो, काय आणू सांग, यादी पाठव, आणि यादी पाठवली की स्वतःला फार मदत करणारा समजतो. तेव्हा घरात मुलगा-मुलगी दोन्ही असतील तर मुलाने डबे बघून यादी करावी आणि मुलीने पैसे घेऊन बाजारात भाव करावा, निदान काही वर्षं तरी असं उलटं चालवून बघावं.

बक्षिसाचं विचारतात लोक, यादी केली तर दहा रुपये द्यायचे का. माझं मत नाही असं आहे. जेवायचं सगळ्यांना आहे, त्याची मजुरी कसली. उरलेले सुट्टे मोजून परत यावेत, त्यातून गोळी घेतली असेल तर हिशोबात गोळी लिहिलेली असावी, बास.

आणि पोराने मीठ लिहायचं राहून गेलं तर? बापाने लगेच स्कूटर काढू नये आणि मोबाईल तर अजिबात काढू नये. शेजारच्या काकूंकडून वाटीभर मीठ मागून आणायला त्यालाच पाठवावं, थोडी लाज वाटेल, वाटू द्यावी. आणि पुढच्या यादीत मिठाचा पुडा लिहिताना काकूंची वाटी परत करायची आहे, ती पण त्यानेच लिहावी.